घडीच्या दस्त्याची रायफल: डोंगरातले शिकारी बंदूक दुमडून का नेतात?

गेल्या काही वर्षांत कोलोरॅडो, अलास्का, न्यूझीलंड इथल्या डोंगरी शिकारीचे व्हिडिओ आपल्याकडेही खूप पाहिले जातात. त्यात एक दृश्य हमखास असतं. पाठीवर मोठी सॅक घेतलेला माणूस चढ चढतोय, सॅकच्या बाजूला अर्धीच वाटावी अशी रायफल बांधलेली आहे. तो थांबतो, रायफल काढतो, मागचा भाग उलगडतो, ‘खट्’ असा आवाज येतो आणि पूर्ण लांबीची रायफल तयार होते. मराठी प्रेक्षकाच्या मनात यावर दोन शंका येतात. सिनेमातले मारेकरी पेटीतून काढतात तसलंच हे हत्यार का? आणि मधोमध बिजागरी असलेली बंदूक सरळ मारते तरी का?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळपास पूर्ण बंद झाली. त्यामुळे हा विषय आपल्या अनुभवाबाहेरचा आहे आणि गोंधळ होणं स्वाभाविक आहे. पण डेन्व्हर, सिॲटल, कॅल्गरी, ऑकलंडला राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शेजारीपाजारी आणि ऑफिसात शिकारीला जाणारी माणसं असतात. तिथे शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येनेच होते. अमेरिकेत तर १९३७ पासून रायफली आणि काडतुसांवरच्या खास कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाला जातो. शिकार असावी की नसावी हा वाद वेगळा आहे. इथे प्रश्न फक्त या रायफलीचा आहे: ती अशी का बनवतात आणि तिचे फायदे-तोटे काय.

आधी रायफलीचे भाग

रायफलीचे ढोबळमानाने तीन भाग धरा. पुढे नळी. मध्ये यंत्रणा, म्हणजे काडतूस आत घेणारा आणि उडालेलं बाहेर टाकणारा पोलादी भाग. या दोन्हींना धरून ठेवणारा आणि मागे खांद्याला टेकणारा तो दस्ता. सैन्यातली, एनसीसीतली मंडळी याच्या मागच्या टोकाला ‘बट’ म्हणतात. नेम धरायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, यंत्रणेवर घट्ट बसवलेला असतो.

डोंगरी शिकारीत बहुतेक जण बोल्ट रायफल वापरतात. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडी उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून नवं काडतूस भरावं लागतं. चाप ओढत राहिलं म्हणून गोळ्या सुटत नाहीत.

घडीच्या दस्त्यात बिजागरी बसते ती यंत्रणेच्या मागे, मुठीच्या जरा वरच्या बाजूला. मूठ, चाप, नळी, स्कोप हे सगळं जागच्या जागी राहतं. खांद्याला टेकणारा मागचा तुकडा तेवढा बाजूला वळतो. बिजागरी यंत्रणेच्या मागे असते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच शंकांचं उत्तर तिच्यात आहे.

ही कल्पना सैन्यातली, हे खरं

दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांना आखूड शस्त्र लागायचं. अमेरिकेने १९४२ मध्ये एम१ए१ कार्बाइन आणली. तिचा तारेसारखा दस्ता कडेला दुमडायचा. जर्मनांची एमपी ३८ आणि एमपी ४० याआधीच खाली दुमडणाऱ्या दस्त्याच्या होत्या. आपल्या इन्सास रायफलीचीही घडीच्या बटाची आवृत्ती आहे.

त्या काळच्या दस्त्यांची बदनामीही खरी होती. पातळ पत्रा, सैल खिळा, गालाला टेकायला धड जागा नाही. शंभर मीटरच्या आतल्या लढाईत ते चालून जायचं. चारशे मीटरवरच्या रानमेंढ्यावर अचूक एक गोळी टाकायची असेल तर मुळीच चाललं नसतं. म्हणून शिकारी कित्येक दशकं या दस्त्यापासून लांबच राहिले. लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांसाठी ॲल्युमिनियमचे सांगाडे बनू लागले तेव्हा चित्र बदललं. या सांगाड्याला ‘चासी’ म्हणतात. लाकडी दस्त्याच्या जागी रायफल त्यात बसते. धातूत बिजागरी अगदी काटेकोर कातता येते. मग मॅग्नेशियम आणि कार्बन फायबर आलं आणि वजनही उतरलं. कॅनडातल्या एमडीटी कंपनीची एचएनटी-२६, अमेरिकेतल्या एक्सएलआरची मॅग्नेशियम चासी, बर्गाराची एमजीलाइट ही याच वळणाची मॉडेलं.

डोंगरात नेमकं अडतं कुठे?

आकडे पाहू. २४ इंची नळीच्या नेहमीच्या शिकारी रायफलीची एकूण लांबी साधारण ४४ इंच, म्हणजे ११२ सेंमी. सॅकची चौकट ६० ते ६५ सेंमी उंचीची. सॅकच्या बाजूच्या खिशात बट ठेवून नळी वर करून बांधली तर रायफलीचं टोक चौकटीच्या वर ४५-५० सेंमी येतं, म्हणजे डोक्याच्या बरंच वर.

सह्याद्रीत कारवीतून किंवा करवंदीच्या जाळीतून सॅकला उभी काठी बांधून गेलेल्या कुणालाही याचा त्रास सांगावा लागणार नाही. वाकलात की टोक पुढच्या फांदीत अडकतं आणि मान मागे ओढली जाते. अलास्कात हीच गत आल्डरच्या झाडीत होते. तिथल्या उतारांवर आल्डर जमिनीलगत आडवा पसरतो आणि माणूस अक्षरशः रांगत जातो. कातळावर हाताने चढताना वर आलेली नळी कड्याला घासते आणि तोल बाहेर ढकलते. उंचावर बांधलेलं साडेतीन किलोचं वजन प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे हेलकावतं. सात-आठ तासांच्या चालीत हे हेलकावे कंबरेला आणि गुडघ्यांना जाणवतात.

आता २० इंची नळी घ्या. एकूण लांबी ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंमी. दस्ता दुमडला की साधारण २४-२५ सेंमी कमी होतात आणि रायफल ७७-७८ सेंमीवर येते. सॅकच्या वर जेमतेम वीतभर टोक उरतं आणि तेही डोक्याच्या खाली. वजन पाठीला चिकटून राहतं. दोन्ही हात काठ्यांसाठी मोकळे.

दुसरं कारण सप्रेसर. नळीच्या टोकाला लावायचं हे नळकांडं आवाज आणि धक्का कमी करतं. न्यूझीलंडमध्ये ते सर्रास वापरतात आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिकारीला चालतं. कॅनडात मात्र त्यावर पूर्ण बंदी आहे. सप्रेसर लावला की लांबी १५ ते २० सेंमीने वाढते. आखूड नळी घेऊन वाचवलेली लांबी तो परत खातो. घडीचा दस्ता इतका लोकप्रिय झाला त्यामागे माझ्या मते डोंगरापेक्षाही सप्रेसरचा वाटा मोठा आहे. सप्रेसर नसता तर बऱ्याच जणांनी २० इंची साध्या रायफलीवर समाधान मानलं असतं.

घोड्यावरून जाणाऱ्यांना, अलास्कात पायपर सुपर कबसारख्या दोन आसनी विमानातून नदीकाठच्या गोट्यांवर उतरणाऱ्यांना आखूड रायफल सोयीची पडतेच. अशा विमानात वैमानिकाच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं आणि सामान उरलेल्या पोकळीत कोंबलेलं असतं. तिथे रायफल लगेच हाताशी असण्याची गरजही नसते. विमानाने ज्या दिवशी उतरलात त्या दिवशी बहुतेक मोठ्या जनावरांची शिकार अलास्कात करताच येत नाही.

मग येते परतीची वाट. एल्क नावाच्या सांबराएवढ्या, किंबहुना त्याहून थोराड हरणाचं हाडं काढलेलं मांसच सत्तर-ऐंशी किलोच्या पुढे जातं. ते सोडून येणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे, म्हणून दोन-तीन खेपा कराव्या लागतात. पाठीवर ३५ किलो असताना खांद्यावरची रायफल दर दहा पावलांनी घसरते. दुमडलेली रायफल सॅक आणि चौकटीच्या मध्ये सरकवून वरून पट्टे आवळले की ती हलत नाही.

बिजागरीमुळे नेम बिघडत नाही का?

ही सगळ्यात मोठी शंका, आणि तिचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं.

ठरलेल्या अंतरावर स्कोपमधली खूण आणि गोळी लागण्याची जागा जुळवून ठेवण्याला ‘झिरो’ करणं म्हणतात. झिरो अवलंबून असतो नळी, यंत्रणा आणि स्कोप या तिघांच्या जोडणीवर. बिजागरी या तिघांच्या मागे आहे. दस्ता शंभर वेळा दुमडला तरी नळी आणि स्कोप यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलत नाही. नळीच काढून वेगळी करायच्या जोड-रायफली असतात, त्यांच्याशी तुलना केली तर हा फरक कळतो. तिथे नळी प्रत्येक वेळी नव्याने बसवावी लागते, म्हणून जोडणी किती अचूक परत बसते यावर झिरो टिकतो.

उत्तराचा दुसरा भाग इतका दिलासा देणारा नाही. रायफल माणूस धरतो, गाल दस्त्यावर टेकवतो, खांदा मागे रेटतो. बिजागरीत केसाएवढा खेळ असेल तर जुन्या दरवाज्याचं होतं तेच होतं: चौकट पक्की, पण हात लावला की फळी डुगडुगते. गालाचा दाब थोडा बदलला की रायफल थोडी वळते. गोळी सुटताना धक्क्याच्या पहिल्या क्षणी दस्ता आधी तो खेळ भरून काढतो आणि मग खांद्यावर येतो. झिरो जागेवर असतो, पण गोळ्या विखुरतात. शंभर मीटरवर हे जाणवतही नाही. चारशे मीटरवर तोच विखुरलेपणा चौपट होतो आणि तिथे फुप्फुसाऐवजी पोटात गोळी लागणं म्हणजे जनावर जखमी होऊन कड्याखाली निघून जाणं. म्हणून बिजागरीत खेळ जाणवत असेल तर त्या रायफलीने लांबून गोळी घालू नये. यात मला तडजोड मान्य नाही.

खेळ का येतो? खिळा झिजतो, खिटी आणि तिची खाच यांच्यामध्ये धूळ बसून कडा खरवडल्या जातात, किंवा स्क्रू सैल पडतात. चांगल्या बिजागरीत उतरत्या कडेची खिटी असते. झिजली की ती आपोआप आणखी खोल बसते. काहींत खेळ काढायला छोटा स्क्रू दिलेला असतो. हंगामापूर्वी तो बघावा. यंत्रणा चासीला धरून ठेवणारे दोन मुख्य स्क्रू बहुतेक धातूच्या चासींत ६५ इंच-पौंडांना, म्हणजे सुमारे ७.३ न्यूटन-मीटरला आवळतात. स्कोपच्या कड्यांचे स्क्रू बरेच नाजूक, साधारण १५ ते २५ इंच-पौंड. हे अंदाजाने आवळू नयेत. आकडा दाखवणारा पाना वापरावा आणि कंपनीने दिलेला आकडाच पाळावा. ‘घडीच्या दस्त्याने झिरो हलवला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा दोष या स्क्रूंचा निघतो, नाही तर सॅकसकट आपटलेल्या स्कोपचा.

डावीकडे दुमडावी की उजवीकडे?

उजव्या हाताच्या रायफलीत बोल्टची दांडी उजवीकडे असते. दस्ता डावीकडे दुमडला तर दांडी उघडी राहते आणि रायफल जाड होते, कारण एका बाजूला दस्ता, दुसऱ्या बाजूला दांडी. चालताना दांडी पट्ट्यात अडकून बोल्ट उघडू शकतो आणि बर्फ आत जातो. दस्ता उजवीकडे, दांडीच्या वरून दुमडणाऱ्या रचनेत दांडी दस्त्याच्या खाचेत बसते. बोल्ट आपोआप बंद राहतो, जाडी कमी होते आणि दांडीला मार लागत नाही. सॅकमध्ये न्यायची असेल तर ही रचना सरस आहे.

डावीकडे दुमडणारीचा एक फायदा मात्र आहे. दस्ता बाजूला झाला की बोल्ट मागे सरळ निघतो आणि साफसफाईची सळई मागून थेट नळीत जाते. गालाचा टेकू उंच असलेल्या अखंड दस्त्यात बोल्ट काढायला तो टेकू आधी खाली करावा लागतो. तंबूच्या दारात बसून ओली नळी पुसताना ही सोय कळते.

दुमडलेल्या अवस्थेत रायफल गच्च राहायला हवी. त्यासाठी चुंबक असतो किंवा खिटी. नुसता चुंबक असेल तर वरून एक वेल्क्रोची पट्टी बांधावी. उतारावरून घसरताना चुंबक सुटतो आणि दस्ता झाडावर आपटतो.

जनावर समोर आलं तर उलगडायला वेळ कुठे असतो?

हा आक्षेप रास्त आहे. दाट जंगलात, जिथे पन्नास मीटरवर हरीण अचानक उठतं, तिथे दुमडलेली रायफल निरुपयोगी आहे. अशा भागात ती उलगडून खांद्यावर किंवा हातातच असावी.

पण उंच डोंगरातली शिकार वेगळ्या चालीने होते. डॉल मेंढा, पहाडी बकरा, न्यूझीलंडचा ताहर यांना आधी दुर्बिणीतून एक-दोन किलोमीटरवरून शोधतात. (हा ताहर मूळचा हिमालयातला. १९०४ मध्ये तो न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये सोडला गेला. आपल्या निलगिरी ताहरसारखाच कड्यांवर राहणारा.) मग वारा बघून, आडोशाने, दोन-तीन तास चढून माणूस गोळीच्या टप्प्यात पोचतो. उलगडायचं ते शेवटच्या आडोशामागे, जनावर दिसण्याआधी.

क्रम असा ठेवतात. सॅक उतरवून जमिनीवर आडवी टाकायची, तीच पुढे टेकू होते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून दस्ता उघडायचा. ‘खट्’ ऐकू आला एवढ्यावर थांबायचं नाही. दस्ता वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने ओढून बघायचा. खिटी अर्धी बसली असेल तर धक्क्याने दस्ता वळतो, स्कोपची मागची कड भुवईवर येते आणि टाके पडतात. बर्फाचा कण खाचेत असला की नेमकं हेच होतं, आणि आवाज मात्र जवळपास नेहमीसारखाच येतो. मग स्कोपची झाकणं काढायची, स्कोपचं झूम कमीवर आणायचं, दस्त्याखाली छोटी वाळूची किंवा दाण्यांची पिशवी सरकवायची. काडतूस नळीत चढवायचं ते सगळ्यात शेवटी.

याचा उलट नियमही तितकाच कडक. दुमडायच्या आधी नळी रिकामी. काडतुसं मॅगझिनमध्ये, म्हणजे ती साठवायच्या पेटीत, असली तरी चालतं, पण नळीच्या मागे काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये एकही नको. बोल्ट उघडून डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. पाठीवरच्या दुमडलेल्या रायफलीचा चाप तुम्हाला दिसत नाही, तुमच्या मागच्या जोडीदाराला मात्र नळी दिसत असते.

उलगडण्याचा आवाज शांत सकाळी बराच लांब जातो. बटण दाबून ठेवून दस्ता हाताने हळू आणून बसवला तर तो खूप कमी होतो. घरी रिकाम्या रायफलीवर, हातमोजे घालून, डोळे मिटून हे जमेपर्यंत करावं.

आणि अस्वलं? ग्रिझली असलेल्या भागात दुमडून बांधलेली रायफल संरक्षणाला कामाची नाही. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला हटवणारा तिखट फवारा, छातीवरच्या किंवा कमरेच्या पाकिटात, एका हाताने निघेल असा हवा. सॅकच्या खिशात ठेवलेला स्प्रे नसल्यासारखाच.

बर्फ, पाणी आणि घाम

बिजागरीचा खरा शत्रू पाणी. दुपारी बर्फ वितळून पाणी खिटीच्या खाचेत उतरतं, रात्री गोठतं आणि पहाटे बटण दाबलं जात नाही. जोर लावला तर बटणाची स्प्रिंग तुटते. उपाय सोपे आहेत. बिजागरीवर घट्ट विणीच्या कापडाची छोटी टोपी चढवा. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून दस्ता दोनदा उघड-बंद करा, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडेल. गोठलंच तर हाताच्या उबेने सोडवा. कढत पाणी ओतू नका, ते दहा मिनिटांत आणखी आत जाऊन गोठतं.

वंगण घट्ट नको. थंडीत ग्रीस मेणासारखं होतं आणि खिटी आळसावते. पातळ तेलाचा एक थेंब लावून पुसून काढावा किंवा कोरडं वंगण वापरावं. जास्त तेल लावलं की त्यावर धूळ बसते, आणि तेल-धुळीचं मिश्रण बिजागरीला कानशीसारखं घासतं.

रायफल रात्री उबदार तंबूत आणू नये. थंड धातूवर श्वासाची वाफ धरते, स्कोपच्या काचेवर धुकं येतं आणि सकाळी बाहेर नेल्यावर ते गोठतं. तंबूच्या बाहेरच्या पडद्याखाली, जमिनीपासून उचलून ठेवावी.

नळीच्या तोंडावर साधी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावतात. दुमडलेली रायफल सॅकच्या खिशात नळी वर करून जाते, म्हणजे पाऊस थेट नळीत. पट्टीचा एकच पातळ थर असेल तर ती न काढता गोळी झाडता येते. नळीत साचलेला चिखल किंवा बर्फ मात्र नळी फाडू शकतो. शंका आली तर बोल्ट काढून उजेडाकडे धरून नळी आरपार दिसते का ते बघावंच.

त्यापेक्षा साधी, हलकी, आखूड रायफल का घेऊ नये?

पुष्कळांनी तीच घ्यावी. बिजागरीमुळे वजन शंभर ते अडीचशे ग्रॅम वाढतं, किंमत बरीच वाढते आणि बिघडू शकेल असा आणखी एक भाग येतो. अखंड कार्बन फायबरच्या दस्त्याची रायफल स्कोपसकट तीन किलोच्या आसपास बसवता येते. पायवाटेने जाणारा, रायफल हातात घेऊन जंगलात फिरणारा, सप्रेसर न लावणारा यांना घडीच्या दस्त्यातून फार काही मिळत नाही.

नळी आणखी आखूड करावी तर तिची वेगळी किंमत मोजावी लागते. नळी एक इंच कमी झाली की गोळीचा वेग साधारण ६ ते ९ मीटर प्रतिसेकंद घटतो. २४ वरून २० इंचांवर आलात तर तीसेक मीटर प्रतिसेकंद गेले. बहुतेक शिकारी गोळ्या आत गेल्यावर पसरण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि त्यासाठी लक्ष्यावर पोचताना साधारण ५५० मीटर प्रतिसेकंद वेग लागतो. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसात तीस मीटरची घट म्हणजे हा वेग साठ-सत्तर मीटर आधीच संपतो. २० इंचांवर हे परवडतं. १६ इंचांवर आलात तर पल्ला एवढाच पुन्हा घटतो आणि आवाज कानठळ्या बसवतो. दस्ता दुमडल्याने मात्र वेगाला काहीच होत नाही. नळी कापून मिळवलेली लांबी कायमची जाते, दस्ता दुमडून मिळवलेली गोळी झाडताना परत येते. निवड करताना तोलायची गोष्ट हीच आहे.

कायद्याच्या नजरेत

अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असलेली रायफल वेगळ्या नोंदणीखाली येते. घडीचा दस्ता असेल तर केंद्रीय नियमात लांबी दस्ता उघडून मोजतात, त्यामुळे शिकारी बोल्ट रायफल सहज त्या नोंदणीच्या बाहेर राहते. राज्यांचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्निया घडीच्या दस्त्यावर निर्बंध घालतं ते अर्धस्वयंचलित रायफलींसाठी, बोल्ट रायफलींसाठी नाही.

कॅनडात जास्त सावध राहावं लागतं. दुमडून ६६० मिलिमीटरपेक्षा आखूड होणारी आणि त्या अवस्थेत गोळी झाडू शकणारी बंदूक तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ गटात जाते, आणि त्या गटातली बंदूक शिकारीला चालत नाही. २० इंची नळीची रायफल दुमडून ७७ सेंमी भरते, काळजी नाही. १६ इंची नळीची दुमडून ६७ सेंमीच्या आसपास येते. मागचा रबराचा गादीचा तुकडा बदलला किंवा दुसऱ्या कंपनीची बिजागरी बसवली तरी ती रेषा ओलांडली जाऊ शकते. न्यूझीलंडमध्ये ७६२ मिलिमीटरपेक्षा कमी लांबीचं अग्निशस्त्र पिस्तूल धरलं जातं, म्हणून तिथे खरेदीआधी पोलिसांकडून लेखी खात्री करून घेणं शहाणपणाचं.

‘लपवून नेता येणारी बंदूक म्हणजे चोरट्या शिकाऱ्यांची सोय’ हा आक्षेपही ऐकू येतो. त्यामागची काळजी खरी आहे. पण स्कोपसकट पाऊण मीटरहून लांब, तीन-साडेतीन किलोची वस्तू कोटाखाली मावत नाही. चोरटी शिकार जिथे होते तिथे ती बहुतेकदा साध्या, स्वस्त बंदुकांनी आणि रात्री गाडीतून होते. तिला आळा बसतो तो वनरक्षक आणि परवान्यांच्या तपासणीने.

विमानाने नेताना

अमेरिकेत रायफल फक्त चेक-इन सामानात जाते: रिकामी, कडक आवरणाच्या कुलूपबंद पेटीत, आणि काउंटरवर तसं सांगून. अखंड रायफलीची पेटी सव्वा मीटरच्या आसपास भरते. बहुतेक विमान कंपन्यांची लांबी, रुंदी, उंची मिळून ६२ इंचांची मर्यादा ती पेटी गाठते किंवा ओलांडते. दुमडलेली रायफल ३४-३६ इंची पेटीत बसते आणि कपड्यांनाही जागा राहते. काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यात, सहसा ११ पौंडांपर्यंत. उतरल्यावर डोंगराकडे निघायच्या आधी जवळच्या रेंजवर दोन-तीन गोळ्या झाडून झिरो तपासावा. पेटी सामान चढवणाऱ्यांच्या हातून आपटलेली असू शकते.

दुकानात काय तपासाल?

रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्ता उलगडा, मूठ एका हातात आणि दस्त्याचं टोक दुसऱ्या हातात धरून पिळा. ‘टक्’ असा बारीकसा आवाज आला किंवा बोटाला हालचाल जाणवली तर ती रायफल ठेवून द्या. वीस वेळा उघड-बंद करून पुन्हा पिळा. हातमोजे घालून बटण दाबता येतं का ते बघा. बटण चालताना पाठीला किंवा सॅकच्या पट्ट्याला दाबलं जाईल अशा जागी नको. स्कोप बसवल्यावर दस्ता त्याच्या बाजूच्या गोल खटक्यांना घासत नाही ना, दुमडल्यावर बोल्टची दांडी खाचेत पूर्ण बसते ना, गालाचा टेकू थंडीत उघडा धातू तर नाही ना, हे पाहा. जुनी रायफल घेत असाल तर खिटीच्या खाचेत टॉर्च मारा. कडांवर चकचकीत, गोलसर झालेला पट्टा दिसला तर ती झीज आहे. खिळा आणि खिटी वेगळी विकत मिळते का, हे कंपनीला आधी विचारा. मिळत नसेल तर पूर्ण मागचा भाग बदलावा लागेल, आणि त्या खर्चात अखंड दस्त्याची नवी रायफल घेण्याचा विचार करायला हरकत नाही.